भट्टीत जाण्यापूर्वी

(प्रस्तुत पाठात जालन्यात वाढलेल्या लेखकाने आपल्या शाळेच्या दिवसांतील एक आठवण सांगितली आहे. जोडणीचा एक जुना खेळ त्याने जाहिरात वाचून मिळवला. पुढे त्या खेळाचे हरवलेले भाग शोधताना त्याला कोठे कोठे जावे लागले, ते वाचा.)

आमचे घर जुन्या जालन्यात होते. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना. अब्बा लोखंडाच्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या शहरात बांधकामाच्या सळया तयार होतात, हे तुम्हांला माहीत असेल. या सळयांसाठी लागणारे बरेचसे लोखंड भंगारातून येते. गावोगावचे भंगार ट्रकमध्ये भरून येते आणि भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेला वितळते. त्याचे ठोकळे होतात. ते तापवून पोळीसारखे लाटत लाटत लांब केले, की सळई तयार.

मी सातवीत असताना अब्बा एकदा मला कारखान्याच्या फाटकापर्यंत घेऊन गेले. आत एक उंच क्रेन भंगार उचलत होती. तिच्या दोराला हुक नव्हता, मोठा गोल चुंबक होता. वीज सुरू झाली की पत्र्याचे तुकडे, मोडक्या सायकली, गंजलेले नळ असे सगळे त्याला जाऊन चिकटे. क्रेन सावकाश फिरे. वीज बंद झाली की ते सारे धडाधड खाली पडे. मी अर्धा तास तेथून हललो नाही. अशी क्रेन आपण करायची, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकले.

करायची खरी, पण कशाने? माझ्या एका वर्गमित्राकडे 'मेकॅनिक्स'ची पेटी होती. तिच्यात भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाके, नट-बोल्ट आणि एक छोटासा पाना होता. त्यांपासून मोटार, पाळणा, पूल असे काहीही जोडता येई. खेळून झाले की सगळे सुटे करून पुन्हा पेटीत ठेवायचे. तो मित्र मला हात लावू देई, पण पेटी घरी नेऊ देत नसे. त्याचेही बरोबर होते. एक नट हरवला तरी त्याला बोलणी बसत. नव्या मोठ्या पेटीची किंमत मी बाजारात विचारून आलो. ती ऐकल्यावर अब्बांना काही सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

आमचे मराठीचे सर म्हणत, "रोज मराठी वर्तमानपत्राच्या दहा ओळी वाचा. भाषा आपोआप येईल." म्हणून शाळा सुटल्यावर मी वाचनालयात जात असे. मोठ्या बातम्या मला जड जात. तेव्हा मी शेवटच्या पानावरील छोट्या जाहिराती वाचू लागलो. त्या तीन-चार ओळींत संपतात. घर भाड्याने देणे आहे. शिलाई मशीन विकणे आहे. जुने दरवाजे-खिडक्या मिळतील. उर्दूत आपण 'इश्तिहार' म्हणतो, मराठीत 'जाहिरात' म्हणतात. पण हा शब्दही आपल्याला परका नाही. त्यात आपल्या ओळखीचा 'जाहिर' बसलेलाच आहे!

छोट्या जाहिरातीची एक गंमत असते. शब्दांवर किंवा ओळींवर पैसे पडतात, म्हणून लिहिणारा एकही शब्द वाया घालवत नाही. 'पाहिजे' म्हणजे घेणारा बोलतो आहे, 'विकणे आहे' म्हणजे देणारा. 'समक्ष भेटा' म्हणजे स्वतः येऊन बोला. 'मध्यस्थ नको' म्हणजे दलालांनी येऊ नये. इतके मला हळूहळू समजू लागले होते. एका गुरुवारी मला ही जाहिरात दिसली :

'मुलांचा मेकॅनो खेळ विकणे आहे. जुना. संच अ-
पूर्ण. पेटी व पुस्तक शाबूत. रविवारी समक्ष भेटा.'

खाली औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पत्ता होता. मी ती जाहिरात वहीत उतरवून घेतली. पहिली ओळ 'अ' या अक्षरापाशी संपली होती. मला वाटले, ही छपाईतील चूक असावी. तो 'अ' सोडून मी लिहिले : 'संच पूर्ण'.

रात्री मी अब्बांना वही दाखवली. त्यांनी किंमत विचारली. किंमत जाहिरातीत नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले. रविवारी कारखान्यात जादा काम असे आणि त्याचे जादा पैसे मिळत. अम्मी म्हणाली, "या महिन्यात रविवार सोडू नका." पण अब्बांनी तो रविवार सोडला. आम्ही दोघे सकाळच्या एसटीने निघालो. जालना ते औरंगाबाद हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. बदनापूर मागे पडले तरी मी मनातल्या मनात क्रेनच जोडत होतो.

पत्ता एका निवृत्त गृहस्थांचा होता. त्यांनी आम्हांला आत बोलावले, पाणी दिले आणि कपाटातून एक चपटी पेटी काढली. पेटीत लाल-हिरव्या पट्ट्या होत्या. काहींचा रंग उडाला होता. पितळेची चाके काळवंडली होती. मी पट्ट्या उचलून पाहू लागलो आणि माझ्या लक्षात आले, की अर्ध्याहून अधिक खण रिकामे आहेत.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही तर संच पूर्ण लिहिले होते."

त्यांनी काही न बोलता ते वर्तमानपत्र आणले आणि त्या ओळीवर बोट ठेवले. "बाळ, येथे जागा संपली म्हणून शब्द तुटला. ही छोटी आडवी रेघ दिसते ना? 'अ' आणि 'पूर्ण' मिळून एकच शब्द आहे. अपूर्ण."

माझी मान खाली गेली. बसचे भाडे गेले, अब्बांचा रविवार गेला, आणि चूक त्या काकांची नव्हती, माझी होती. अब्बा रागावतील असे मला वाटले. ते एवढेच म्हणाले, "'नापसंद'मध्ये जसा 'ना', तसा 'अपूर्ण'मध्ये 'अ'. आता आयुष्यात विसरणार नाहीस." मग ते काकांकडे वळले. "साहेब, आलोच आहोत तर काय आहे आणि काय नाही, ते मोजून घेऊ या का?"

त्या पेटीबरोबर चित्रांचे एक पुस्तक होते. त्यात सर्व भागांची यादी होती. प्रत्येक भागाला क्रमांक होता. काका यादी वाचत, अब्बा मोजत आणि मी वहीत दोन रकाने पाडून 'आहे' आणि 'नाही' लिहीत होतो. जुना जोडणीचा खेळ घ्यायचा असेल तर हे काम पहिले करावे, हे मी तेव्हा शिकलो. पेटीचे झाकण कितीही सुंदर असले तरी खेळ झाकणात नसतो. पट्टी वाकलेली असेल तर चालते, ती सरळ करता येते. भोकाजवळ चीर गेली असेल तर चालत नाही. गंज वरवरचा असेल तर निघतो, पण नखाने खरवडल्यावर पापुद्रा सुटला तर ती पट्टी सोडून द्यावी. दांतेरी चाकाचा एक जरी दात तुटला असेल तरी ते चाक त्याच जागी अडखळते. आणि पुस्तक असेल तर ते कधी सोडू नये, कारण काय हरवले आहे ते पुस्तकच सांगते.

मोजणी झाली. बऱ्याच वस्तू नव्हत्या. लांब पट्ट्या कमी होत्या, कप्प्या नव्हत्या, एक दांतेरी चाक होते तर त्याचे जोडीदार नव्हते. नट-बोल्ट तर मूठभरच उरले होते. माझा चेहरा पाहून काका हसले. "अरे, हरवलेला भाग मिळाला तर तो यात बसणारच. हा खेळ तसाच बनवला आहे." त्यांनी टेबलावरची मोजपट्टी माझ्या हातात दिली. "अकरा भोकांची पट्टी घे. पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोज."

मी मोजले. १२.७ सेंटिमीटर.

"म्हणजे पाच इंच. अकरा भोके, म्हणजे मध्ये दहा अंतरे. प्रत्येक अंतर अर्धा इंच. पंचवीस भोकांची पट्टी असेल तर बरोबर बारा इंच, म्हणजे एक फूट भरेल. मेकॅनोची पट्टी कोणत्याही वर्षी बनलेली असो, हे अंतर अर्धा इंचच."

मग त्यांनी त्या खेळाची गोष्ट सांगितली. पुढे मी ती पुस्तकांतूनही वाचली. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी नावाचे एक गृहस्थ होते. ते एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. आपल्या मुलांसाठी ते धातूचा पत्रा कापून खेळणी करत. एकदा क्रेन करताना प्रत्येक वेळी नवा भाग कापण्याचा त्यांना कंटाळा आला. सगळे भाग एकाच मापाचे केले, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि ते नट-बोल्टने जोडले तर? मग आजची क्रेन उद्या पूल होईल आणि परवा मोटार. १९०१ साली हॉर्नबी यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. १९०७ साली या खेळाला 'मेकॅनो' हे नाव मिळाले. १९२६ पासून पट्ट्या लाल आणि हिरव्या रंगांत येऊ लागल्या. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ साली बंद पडला. पण कारखाना बंद पडला म्हणून पट्ट्या निकामी झाल्या नाहीत. जगात कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी कपाटात त्या राहिल्याच.

माझ्या मनात आले, हॉर्नबी यांनीही क्रेनच करायला घेतली होती!

"आणि हे नुसते मुलांचे खेळणे नाही बरे का," काका म्हणाले. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठातील प्राध्यापक डग्लस हार्ट्री यांनी आर्थर पोर्टर या आपल्या विद्यार्थ्याबरोबर मेकॅनोचे भाग जोडून एक यंत्र बनवले. ते यंत्र अवघड गणिते सोडवत असे. अशी मोठी यंत्रे फार महाग होती, पण हे सुमारे २० पौंडांत झाले. त्याच धर्तीचे आणखी एक यंत्र केंब्रिजला बनवले गेले. आज ते न्यूझीलंडमधील एका संग्रहालयात आहे.

किमतीची गोष्ट निघाली तेव्हा अब्बा म्हणाले, "जितके आहे तितक्याचे सांगा." काकांनी आकडा सांगितला. अब्बांनी थोडा कमी सांगितला. काकांनी मधला आकडा धरला आणि वर म्हणाले, "क्रेन झाली की मला एक कार्ड टाक. मराठीत." ही पेटी त्यांनी मुंबईला नोकरीत असताना आपल्या मुलासाठी घेतली होती. मुलगा मोठा होऊन दूर गेला होता. आम्ही निघालो तेव्हा काका दारात उभे राहून पेटीकडे पाहत होते. ते आमच्याकडे पाहत होते, असे मला वाटले नाही.

जुने खेळ घराबाहेर पडतात ते असेच. मुले मोठी होतात, बदल्या होतात, घरे लहान पडतात. अमेरिकेत लोक अशा वेळी घरातल्या नको असलेल्या वस्तू मोटार ठेवण्याच्या खोलीत, म्हणजे गॅरेजमध्ये मांडतात. प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवतात. शेजारपाजारचे लोक येऊन ती घेऊन जातात. त्याला 'गॅरेज सेल' म्हणतात. तेथे मुलांचे खेळ पुष्कळ निघतात. 'लेगो'चे प्लॅस्टिकचे ठोकळे तर खोकी भरभरून मिळतात. डेन्मार्कच्या त्या ठोकळ्यांचीही हीच गंमत आहे. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्याचा जुना बाजार आहे. पण लहान गावांत असा बाजार हातगाडीवर बसून आपल्या दारात येतो. 'भंगार, रद्दी' अशी हाळी ऐकली की बायका घरातील मोडके-तोडके बाहेर काढतात. खेळण्याचे सुटे भाग त्यातच जातात, कारण दोन-चार पट्ट्यांची जाहिरात कोण देणार?

हे माझ्या लक्षात आणून दिले अब्बांनी. बसमध्ये ते म्हणाले, "जालन्यात राहून लोखंडाच्या पट्ट्या नाहीत म्हणतोस? साऱ्या मुलखाचे भंगार आपल्या गावात येते. भट्टीत जाण्यापूर्वी तू गाठलेस तर तुझे. नंतर त्याची सळई होईल."

दुसऱ्या दिवसापासून मी भंगाराच्या दुकानांत जाऊ लागलो. तोपर्यंत मला वाटे, भंगार म्हणजे नुसता ढीग. तसे नसते. जड लोखंड एका बाजूला, पातळ पत्रा दुसऱ्या बाजूला, ओतीव लोखंड तिसरीकडे. ओतीव लोखंडाला मराठीत 'बीड' म्हणतात. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याशी त्याचा काही संबंध जोडू नका! मी पत्र्याच्या ढिगात पट्ट्या शोधत असे. अब्बांची ताकीद होती, की चपला घालून जायचे, ढिगावर चढायचे नाही आणि दुकानदाराला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. गंजलेला पत्रा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागते, हे त्यांनी अनेकदा सांगितले होते.

बरेच दिवस काहीच मिळाले नाही. मग एका दुकानात एका मोडक्या पाळण्याखाली दोन पट्ट्या दिसल्या. रंग अजिबात नव्हता. मी खिशातली मोजपट्टी काढली. अकरा भोके, १२.७ सेंटिमीटर. मी ओरडलोच. दुकानातील चाचांना वाटले, मुलाचा हात कापला!

त्या चाचांनी मग मला एक गोष्ट सांगितली. "तुझी चाके पितळेची असतील तर ती या ढिगात कशी सापडतील? पितळ महाग. ते आम्ही आधीच वेगळे काढतो." त्यांनी आतून एक डबा आणला. डब्यात नळाच्या तोट्या, कड्या, कुलपांचे तुकडे होते. चाचांनी एक चुंबक डब्यात फिरवला. लोखंडाचे दोन खिळे चिकटून आले, पितळ जागचे हलले नाही. तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी दोन चाके होती. एक दांतेरी होते आणि दुसऱ्याच्या कडेला दोरासाठी खाच होती. तीच माझी हरवलेली कप्पी!

चाचांनी ती काट्यात टाकली आणि पितळेचा भाव लावला. फारच थोडे पैसे झाले. मी पैसे काढणार, इतक्यात मला अब्बा आठवले. एवढ्या कमी किमतीत ती घेणे मला बरे वाटेना. मी म्हणालो, "चाचा, ही विलायती खेळाची चाके आहेत. पितळेपेक्षा यांची किंमत जास्त आहे."

चाचांनी काटा खाली ठेवला. "कोण देईल जास्त?"

"ज्याच्याकडे हा खेळ अपूर्ण आहे, तो."

"म्हणजे तूच!" ते मोठ्याने हसले. "माझ्या काट्याला खेळणे कळत नाही, पितळ कळते. पितळेचे पैसे दे आणि जा." पण त्या दिवसापासून भोके असलेली कोणतीही पट्टी आली, की चाचा ती माझ्यासाठी बाजूला ठेवू लागले. त्यांतल्या निम्म्या कपाटाच्या नाही तर खाटेच्या असत. तरी मी प्रत्येक पट्टी मोजून पाही. दिवाळीच्या आधी घरोघर साफसफाई होते. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या दुकानात जितके मिळाले, तितके वर्षभरात मिळाले नाही.

वाचनालयाच्या फळ्यावर मी स्वतः एक जाहिरातही लावली. मराठीतील माझे ते पहिले लेखन : 'पाहिजेत. मेकॅनो किंवा तशा खेळाचे जुने, सुटे भाग. मोडके चालतील. ग्रंथपालांकडे चौकशी करावी.' ओळ कोठेही तुटणार नाही, याची मी काळजी घेतली होती. तिला एकच उत्तर आले. एका मुलीने तिच्या भावाच्या पेटीतील उरलेले नट-बोल्ट एका डबीतून आणून दिले. पण ते आमच्या जुन्या बोल्टांना बसेनात. भोक जुळले तरी आटे जुळतीलच असे नाही, हे मला तेव्हा कळले. अब्बांनी सांगितले, की जोर करून फिरवू नकोस, आटे मरतील. मग आम्ही दोन डब्या केल्या. जुन्या बोल्टाला जुना नट, नव्याला नवा.

पट्ट्या रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवून आम्ही गंज काढला. जुन्या रंगात शिसे असण्याची भीती असते, म्हणून रंग घासायचे काम अब्बांनी अंगणात, ओल्या फडक्याने केले. धाकट्या बहिणीला तर त्यांनी पट्ट्यांजवळ फिरकू दिले नाही. ती तेव्हा दिसेल ती वस्तू तोंडात घालत असे.

तरीही लांब पट्ट्या कमीच पडल्या. क्रेनच्या हाताला चार हव्या होत्या, दोनच होत्या. मी पुन्हा भंगारात जायला निघालो तेव्हा अब्बा म्हणाले, "त्या हॉर्नबीसाहेबांनी पहिली पट्टी कोठून विकत आणली होती?" त्यांनी पत्र्याची एक पट्टी कापून आणली. कंपासने अर्ध्या-अर्ध्या इंचावर खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर पंचने ठोका दिला आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन भोके पाडून आणली. पहिल्या पट्टीत सातवे भोक केसभर सरकले होते. तेवढ्यानेच बोल्ट आत जाईना. अब्बांनी दुसरी पट्टी केली. फिटरचे काम किती काटेकोर असते, हे मी घरातच पाहिले.

ज्यांच्याकडे पट्टीही नाही आणि पानाही नाही, त्यांच्यासाठी आपल्या देशात एक निराळाच खेळ तयार झाला आहे. इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून जोडणीचा खेळ दाखवला. नळीचे छोटे तुकडे सांध्यासाठी आणि काड्या पट्ट्यांसाठी. त्रिकोण, चौकोन, घर, मनोरा असे सगळे त्यातून होते. त्रिकोण दाबला तरी आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलतो, हे दोन मिनिटांत हाताला समजते. गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. काड्यांचा हा मेकॅनो मी पुढे माझ्या वर्गात अनेकदा केला आहे. क्रेनचा हात वाकू नये म्हणून त्यात तिरप्या पट्ट्या का लावाव्या लागतात, हे मुलांना दाखवायला त्याच्याइतके सोपे साधन मला मिळाले नाही.

आमची क्रेन रमजान ईदच्या सुट्टीत उभी राहिली. पाया काकांच्या पेटीतल्या पट्ट्यांचा, कप्पी चाचांच्या डब्यातली, अर्धा हात अब्बांनी केलेला. लोखंडी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून आणि तिला बॅटरीचे सेल जोडून आम्ही छोटा चुंबक केला. सेल जोडला की टाचण्या चिकटत, सोडला की पडत. सेल लवकर तापत आणि लवकर संपत, म्हणून अम्मीने रोज पाचच मिनिटे खेळायचे असा नियम केला. पहिल्या दिवशी मात्र तिनेच दहा मिनिटे खेळून घेतले.

फक्त एक चाक शेवटपर्यंत मिळाले नाही. पुस्तकातील क्रेनला दोर गुंडाळण्यासाठी दांतेरी चाकांची जोडी होती. आमच्याकडे दोन चाके होती, पण ती एकमेकांत नीट बसत नव्हती. म्हणून दोर हातानेच गुंडाळावा लागे.

मी काकांना कार्ड लिहायला बसलो. सरांनी सांगितले होते, की पत्र आधी कच्चे लिहावे. कच्च्या कागदावर मी लिहिले : 'आपला संच आता पूर्ण झाला आहे.' मग पेटीतील एका रिकाम्या खणाकडे लक्ष गेले. मी ते वाक्य खोडले आणि कार्डावर लिहिले :

'ती. काकांना सादर प्रणाम. क्रेन झाली. टाचण्या उचलते. संच अजून अपूर्ण आहे. एक दांतेरी चाक शोधतो आहे.'

'अपूर्ण' हा शब्द मी ओळीच्या मध्यभागी लिहिला. पंधरा दिवसांनी काकांचे एक छोटे पाकीट आले. त्यात पत्र नव्हते. कागदात गुंडाळलेले पितळेचे एक चाक होते.

शब्दार्थ

संच - एकत्र असलेल्या वस्तूंचा गट
शाबूत - न मोडलेला, धड
समक्ष - स्वतः समोर जाऊन
मध्यस्थ - दोघांमध्ये व्यवहार जुळवणारा, दलाल
कप्पी - दोर फिरण्यासाठी कडेला खाच असलेले चाक
दांतेरी चाक - कडेला दाते असलेले चाक
आटे - बोल्टावरील व नटाच्या आतील फिरत्या चऱ्या
पापुद्रा - पातळ थर
हाळी - मोठ्याने दिलेली हाक
ताकीद - बजावून सांगणे
बोलणी बसणे - रागावून घेणे, बोलून घ्यावे लागणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने जाहिरात वाचताना कोणती चूक केली?
(आ) हॉर्नबी यांनी पेटंट कोणत्या साली घेतले?
(इ) पितळेची चाके लेखकाला पत्र्याच्या ढिगात का सापडली नाहीत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जोडणीचा जुना खेळ घेताना काय काय तपासावे?
(आ) "माझ्या काट्याला खेळणे कळत नाही, पितळ कळते," असे चाचा का म्हणाले?
(इ) अब्बांनी पहिली पट्टी सोडून दुसरी का केली?

प्र. ३. नमुन्याप्रमाणे 'अ' लावून विरुद्धार्थी शब्द लिहा.
नमुना : पूर्ण × अपूर्ण
शक्य, स्पष्ट, समान, स्वच्छ, प्रसिद्ध

प्र. ४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ तोच आहे का, ते पाहा.

प्र. ५. तुमच्या घरातील एक जुनी वस्तू विकायची आहे. पंधरा शब्दांत जाहिरात तयार करा. वस्तूत काही दोष असेल तर तोही लिहा.

उपक्रम : काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन एक त्रिकोण व एक चौकोन तयार करा. काड्यांचा गूल आधी काढून टाका. दोन्ही आकार दाबून पाहा आणि काय दिसले ते वहीत लिहा.